कामातून गेलेल्या वस्तू

पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. मुंबईत भेंडीबाजारालगत मटण स्ट्रीटवर चोरबाजाराची दुकानं आहेत. एकेकाळी अशा बाजारांत आलेलं पितळ-तांबं बहुतेक मोडीत निघायचं, वजनावर विकलं जायचं आणि वितळायचं. आता त्यातलं बरंचसं लोकांच्या दिवाणखान्यात जातं. पितळी डबे पुस्तकांच्या कप्प्यात बसतात, घंगाळात रोप लागतं, पाट भिंतीवर चढतो. मला याचा आनंद आहे. वितळलेली वस्तू परत येत नाही. मांडलेली वस्तू निदान डोळ्यांसमोर राहते.

तरी मांडताना एक गोष्ट धरून ठेवावी, असं मनापासून वाटतं. मराठी घरात केवळ शोभेची भांडी फारशी नसत. रोज वापरायचं तेच घासूनपुसून ओळीनं लावलं की घर सजायचं. म्हणून जुनी वस्तू घरी आणली की तिला जमेल तेवढं जुनं काम द्यावं. ते जमणारच नसेल, तर तिचं काम काय होतं हे पाहणाऱ्याला कळेल अशी ती ठेवावी. पुढची यादी या हिशोबानं केली आहे.

फळी

स्वयंपाकघराच्या भिंतीवर लांबलचक लाकडी फळी असायची. तिच्यावर पितळी डबे, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत उतरत्या रांगेत. फळीच्या कडेला वर्तमानपत्राचा कागद कातरून केलेली झालर. दिवाळीच्या साफसफाईत ती बदलायची. डबे चिंचेनं आणि राखेनं घासले जायचे आणि पुन्हा आपापल्या जागी बसायचे. जागा ठरलेली असायची, कारण अंधारातही हात बरोबर तुरीच्या डाळीवर पडायला हवा.

जुने डबे आणले तर त्यांना अशी एक लांब फळी द्यावी, डोळ्यांच्या उंचीच्या जरा खाली. रांग एकच असावी. मागं दुसरी रांग लावली की मागचे डबे विसरले जातात. आणि डबे रिकामे ठेवू नयेत. घट्ट झाकणाच्या डब्यात चहा, साखर, पोहे चांगले राहतात. मीठ आणि आंबट तेवढं पितळेत घालू नये. रोज उघडल्या जाणाऱ्या डब्याला जिथं हात लागतो तिथं आपोआप चकाकी येते.

कोनाडा

मातीच्या किंवा दगडविटांच्या जाड भिंतीत कोनाडा आपसूक मावायचा. कॉलम-बीमच्या इमारतीत भिंत चार-सहा इंचांची झाली आणि कोनाडा गेला. दिवा, काडेपेटी, चष्मा, किल्ल्या, औषधाची बाटली असं येताजाता लागणारं सगळं त्यात असे. दिव्याच्या कोनाड्याच्या माथ्यावर काजळीचा काळा पट्टा असायचा.

फ्लॅटमध्ये भिंतीवर खोल लाकडी चौकट बसवून कोनाडा करता येतो. दाराजवळ, हात पोहोचेल तिथं. त्यात एक-दोनच वस्तू ठेवाव्यात आणि त्यातली एक तरी रोज उचलली जाणारी असावी.

उतरंड

मातीची मडकी एकावर एक, सगळ्यांत मोठं तळाला, त्याच्याखाली चुंबळ. डाळी, बियाणं, वाळवणं. एखाद्या मडक्यात घरातल्या बाईनं बाजूला टाकलेले पैसे. खालचं काढायचं तर वरची सगळी उतरवावी लागत, म्हणून रोजचं वर आणि सालाचं खाली.

उतरंड मांडायची तर पूर्ण मांडावी आणि तिच्यावर रंगकाम करू नये. भाजलेल्या मातीचा रंग आणि चाकावर उठलेल्या रेषा पुरेशा देखण्या आहेत.

मापं

दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. गावाकडे धान्य तोलण्यापेक्षा मापून दिलं-घेतलं जायचं. मापणारा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचा नाही, ‘लाभ’ म्हणायचा आणि मग दोन, तीन असं पुढं जायचा. १९५६च्या कायद्यानं वजनामापांची दशमान पद्धत आली, ती टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली आणि पायली-शेर बाजारातून उठले.

बाजारात सुटी पायली मिळते आणि बहुधा लाकडी चमचे किंवा पेनं ठेवायला वापरली जाते. जमल्यास संच जमवावा. कोळव्यापासून पायलीपर्यंत पाच मापं शेजारी शेजारी ठेवली की दुपटी-चौपटीचा हिशोब लहान मुलालाही नुसता बघून कळतो. तांदूळ चिपट्यानं मोजायला लागावं. आणि मापाचं एक काम अजून पुरतं संपलेलं नाही. गृहप्रवेशाच्या वेळी नवी सून उंबऱ्यावरचं माप ओलांडते आणि त्या दिवशी शेजारीपाजारी मापाची शोधाशोध होते. ज्याच्या घरी माप आहे त्यानं ते आनंदानं द्यावं.

घंगाळ

तोंडाला रुंद, बुडाला गोलसर, दोन बाजूंना दोन कड्या. बंबातलं कढत पाणी यात घ्यायचं आणि त्यात गार पाण्याचं विसण घालायचं. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी अशी भांडी घडवण्यासाठी पेशवाईपासून नावाजलेली. तिथल्या तांब्याच्या भांड्यांवर हातोडीच्या ठोक्यांची जी चमकती नक्षी दिसते तिला मठारकाम म्हणतात. ठोक्यांनी तांबं घट्ट होतं. पत्रा फार जाड न करता भांड्याला बळ येतं. जे शोभेचं वाटतं, तीच त्या भांड्याची ताकद आहे.

घंगाळ दाराशी ठेवावं आणि त्यात पाणी भरावं, वर झेंडूच्या, शेवंतीच्या पाकळ्या. पाणी धरणं हे त्याचं कामच आहे. माती मात्र थेट भरू नये. ओल आणि खतातले क्षार तांब्या-पितळेला खातात. रोप लावायचंच असेल तर कुंडीसकट आत ठेवावं. आठवड्यातून एकदा पाणी बदलताना चिंचेचा हात फिरवला की झालं.

बंब

मधोमध धुराड्याची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली राख पडायला जाळी, बाजूला तोटी. ढलप्या, गोवऱ्या, नारळाच्या शेंड्या, जे हाताशी असेल ते जळण चालायचं. आग पाण्याच्या पोटातून वर जाते, त्यामुळे थोडक्या जळणात पाणी कडकडीत तापतं. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ व्हायच्या. एकानं पाणी काढलं की त्यानंच गार पाणी ओतून बंब भरायचा, असा नियम असे.

आता बंब कापून त्याचे दिवे करतात, अर्धा कापून भिंतीला लावतात. कृपा करून तो कापू नये. त्याला मोकळी जमीन आणि कोरी भिंत द्यावी, मागं दुसरं काही टांगू नये. वरचं झाकण आणि खालची जाळी दोन्ही जागेवर असावीत, म्हणजे आग कुठं आणि पाणी कुठं हे मुलांना दाखवता येईल. अंगण असेल त्यानं दिवाळीत अभ्यंगाच्या पाण्यासाठी तो वर्षातून एकदा पेटवावा.

कल्हई

ही वस्तू मांडता येत नाही, पण ती गेली म्हणून पुष्कळ वस्तू नुसत्या मांडायच्या उरल्या. पितळेच्या पातेल्यात आमटी कळकू नये म्हणून आतून कथलाचा थर लागतो. कल्हईवाला दाराशी खड्डा करून भट्टी लावायचा, भात्यानं फुलवायचा, भांडं तापवून नवसागर टाकायचा. पांढरा धूर उठायचा, कथील २३२ अंशांना वितळतं ते कापसाच्या बोळ्यानं सरकन आतून फिरायचं आणि भांडं आरशासारखं होऊन पाण्यात चरचरायचं. मग स्टील आलं. बोहारणीनं जुन्या कपड्यांच्या, जरीच्या साड्यांच्या बदल्यात ते दारोदार पोहोचवलं आणि पितळ माळ्यावर गेलं.

कल्हईवाले अजून आहेत, थोडे आहेत. ओळखीचा कुणी असेल तर त्याचा फोन नंबर शेजाऱ्यांनाही द्यावा. चार घरांची भांडी जमली तर त्याला फेरी परवडते. कल्हई केलेलं एक पातेलं रोजच्या वरणाला वापरलं, तर ते कुठल्याही काचेच्या कपाटापेक्षा जास्त शोभेल.

पाट

जेवायला, पूजेला, औक्षणाला, नवरानवरीला. कोपऱ्यांत पितळी फुल्या, भोवती रांगोळी. टेबल-खुर्ची आली आणि पाट पलंगाखाली गेला. त्यातले काही हल्ली भिंतीवर उभे टांगलेले दिसतात.

पाट जमिनीवरच असू द्यावा. वस्तू मांडताना सगळ्या एका उंचीवर आल्या की नजर कुठं ठरत नाही. समईखाली पाट, त्याच्या शेजारी जमिनीवर परडी, मागं चौरंगावर गणपती अशा तीन पायऱ्या पाट-चौरंगानं सहज होतात. आणि पाहुण्यांचं लहान मूल आलं की समई उचलून ठेवावी आणि त्याला पाटावर बसवावं.

दिवे

समई, निरांजन, लामणदिवा, पणती, चिमणी. दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६–१९९०) साधारण १९२० पासून जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावानं त्यांनी पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय उभं केलं आणि पुढं आपला संग्रह राज्य शासनाला देऊन टाकला. दिवे, अडकित्ते, वाद्यं, दारं, स्वयंपाकाची भांडी अशा सुमारे वीस हजार वस्तू. राजेरजवाड्यांच्या वैभवाइतकंच रोजच्या हाताळण्यातल्या वस्तूंना त्यांनी महत्त्व दिलं. मराठी माणसानं जुनं कसं जपावं हे ज्यांच्याकडून शिकावं त्यांत ते फार वरचे आहेत.

समई घरात आणली तर तिला वात लावावी, निदान सणावारी. लामणदिव्याची साखळी मोठी असते. ती कापून आखूड करू नये, दिवा टांगायची जागा बदलावी. परदेशी राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. नवी समई खुशाल न्यावी, पण १९७२च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार पुरावशेषात मोडणाऱ्या शंभर वर्षांवरच्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. महत्त्वाच्या पोथ्या-कागदपत्रांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे.

प्रभाकर कंदील

कराडजवळच्या ओगलेवाडीला ओगल्यांचा काचकारखाना होता आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी होता. स्वदेशीच्या भरात एका मराठी कुटुंबानं काच ओतायला शिकावं आणि त्याच्या नावाची वाडी वसावी, ही साधी गोष्ट नव्हे. खाली रॉकेलची टाकी, वात वरखाली करायला चावी, दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून ज्योतीला हवा मिळायची, त्यामुळे वाऱ्यातही तो टिकायचा. संध्याकाळी काच पुसायचं काम मुलांकडे असे. त्यांचा हात लहान, आत जायचा.

आता कंदिलाच्या बुडाला भोक पाडून वायर ओढतात. भोक पाडलेला कंदील पुन्हा तेल धरू शकत नाही. उजेड हवाच असेल तर बॅटरीवरचा बारका दिवा काचेच्या आत ठेवता येतो आणि काढताही येतो. चावी फिरती राहावी म्हणून तिला कधीमधी तेलाचा थेंब द्यावा. कंदील टांगायची खरी जागा म्हणजे पडवी किंवा गॅलरी, माणसाच्या डोक्याच्या वर, खुंटीला.

अडकित्ता आणि पानाचा डबा

घोड्याचा, मोराचा, पोपटाचा, जोडप्याचा. पितळी अंग आणि पोलादी पातं. पानाच्या डब्यात कात, चुना, लवंग, वेलदोडा, सुपारी यांना वेगवेगळे खण. पाहुणा टेकला की डबा पुढं सरकायचा आणि बोलणं सुरू व्हायचं. अडकित्ता चालवणारा माणूस बोलता बोलता, खाली न बघता सुपारी कातरायचा.

पान खाणं कमी झालं हे तब्येतीला बरंच झालं. डबा मात्र बैठकीतच ठेवावा, पाहुण्याच्या हाताला लागेल असा. खणांत बडीशेप, ओवा, खडीसाखर, लवंग भरावी. अडकित्ता डब्याशेजारी आडवा. तो भिंतीवर चिकटवला की पातं मिटलेलं राहतं आणि पाहणाऱ्याला ती नुसती मोराची मूर्ती वाटते.

बरणी

चिनी मातीची, वर तपकिरी, खाली पांढरट. आतल्या-बाहेरच्या चकचकीत लेपाला मीठ आणि आंबट काही करू शकत नाही, म्हणून लोणचं वर्षभर टिकायचं. तोंडावर स्वच्छ फडक्याचा दादरा बांधायचा. बरणीला कुणी कशाही हातानं शिवायचं नाही.

दिवे करायला, छत्र्या ठेवायला या बरण्या फार नेल्या जातात. ज्या बरणीला आत तडा किंवा लेपाची खपली नाही, तिच्यात लोणचं घालावं. तडा गेलेली बरणी खुशाल सजावटीला वापरावी. दादरा मात्र दोघींनाही बांधावा. जुन्या लुगड्याच्या काठाचा असेल तर फारच चांगलं.

जातं

वरची तळी, खालची तळी, मधे लोखंडी खुंटा, फिरवायला लाकडी खुंटी. तळी गुळगुळीत झाली की टाकी लावणारी बाई यायची आणि छिन्नीनं दगडाला पुन्हा खडबडीत करून जायची. गिरणी आली, पहाटेचं दळण थांबलं आणि त्याबरोबर ओवीही थांबली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बायकांनी आपलं माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल, दुखणं-खुपणं, सगळं त्या दगडापाशी सांगितलं होतं.

जात्यावर काच ठेवून टीपॉय करतात. तसं केलं की ते फिरत नाही, आणि फिरणं एवढंच त्याचं काम. जातं जमिनीवर, भिंतीपासून सुटं ठेवावं. समोरासमोर दोघी बसू शकतील एवढी जागा असावी. खुंटी नसेल तर सुताराकडून करून घ्यावी. पहिल्यांदा मूठभर जाडं धान्य दळून टाकून द्यावं, म्हणजे कच निघून जाते. मग थोडंसं मेतकूट, थोडंसं सातूचं पीठ. लग्नघरात हळद दळायला, घाणा भरायला जातं अजून लागतं. ते कामही त्याला मिळू द्यावं.

गोधडी

आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, फाटकी चादर, एकावर एक थर आणि त्यांतून जाणारा धावदोरा, कडेकडेनं आत आत. दुपारी जेवणं झाल्यावर बायका ओसरीवर गोधडी पसरायच्या आणि चहू बाजूंनी बसून टाके घालायच्या.

काचेच्या चौकटीत बंद केली तर कापडाला हवा लागत नाही. गोधडी सोफ्याच्या पाठीवर किंवा पलंगाच्या पायथ्याशी घडी करून ठेवावी. घडी नेहमी एकाच जागी मोडू नये, तिथं कापड विरतं. महिन्याकाठी ऊन दाखवावं. आणि थंडीत पांघरावी. तिची ऊब घेतल्याशिवाय ती किती सुंदर आहे ते कळत नाही.

मण्यांचं तोरण

काचेच्या नळ्यांचं, मण्यांचं. मधे राघू-मैना, दोन्ही बाजूंना कमळ. सुट्टीत मुली विणायच्या आणि लग्नानंतर ते सासरच्या दारावर लागायचं. दोरा कुजला की मणी ओघळतात. घेतल्या घेतल्या ते नव्या दोऱ्यावर ओवून घ्यावं. त्याची जागा दारावरच. काचेखाली ठेवलेल्या तोरणाला वारा लागत नाही आणि त्याचा किणकिणाट जातो.

तसबिरी

राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावरून, एकेका रंगाचा वेगळा ठसा घेऊन छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती तिथून घराघरांत पोहोचल्या. ज्यांना देवळात शिरकाव नव्हता त्यांच्याही भिंतीवर देवाचं रूप आलं. काही घरांत बायकांनी या चित्रांना जर, टिकल्या, मणी चिकटवून खरी वस्त्रं नेसवली. १९७२ साली छापखान्याला आग लागली आणि पुष्कळ काही जळालं.

जुन्या घरात तसबीर वरून पुढं झुकलेली टांगायचे. माणसं जमिनीवर बसायची, त्यांना खालून नीट दिसावी आणि काचेवर उजेड चकाकू नये म्हणून. आजही बैठक खाली असेल तर तशीच टांगावी. थेट उन्हात लावू नये, रंग उडतो. जर-टिकल्या लावलेली तसबीर मिळाली तर त्या काढून ‘मूळ’ चित्र उघडं करू नये. त्या टिकल्याही कुणाच्या तरी हातच्या आहेत.

दुसऱ्याचे पूर्वज

जुन्या बाजारात फोटोंचे ढीग असतात. पगडीतले आजोबा, खुर्चीवर नऊवारीतल्या आजी, पाठीमागं रंगवलेला पडदा. शाळेचे, कचेरीचे गटागटानं काढलेले फोटो, खाली नावांची ओळ. चौकटी सुरेख असतात म्हणून लोक ते घेतात आणि ‘जुनी भिंत’ करतात.

मला वाटतं, चौकटीसाठी फोटो फेकू नये. घ्यायचाच असेल तर फोटोसकट घ्यावा. मागं स्टुडिओचं नाव, गाव, साल लिहिलेलं असतं ते उतरवून घ्यावं, नावांची ओळ जपावी. त्या गावची, त्या शाळेची माणसं आज सापडू शकतात. ज्याचा फोटो आहे त्याच्या नातवापर्यंत तो पोहोचला, तर भिंतीवरची मोकळी झालेली जागा पाहून वाईट वाटू नये. आणि आपल्या स्वतःच्या घरातले असे फोटो पेटीत पडले असतील, तर आधी ते भिंतीवर आणावेत.

वाड्याचं लाकूड

वाडा पाडला की खांब, तुळया, चौकटी, महिरपी, नक्षीची कमळं जुन्या लाकडाच्या वखारीत जातात. सागवानात अंगचं तेल असतं, म्हणून शंभर वर्षांचा खांबही आतून ठणठणीत निघतो. सांधे बहुतेक खिळ्याविना, खाच आणि खुंटीवर जुळवलेले.

खिडकीची चौकट घेऊन आरसा करायला हरकत नाही. तो उजेडाच्या समोर लावला तर खिडकीसारखाच उजेड देतो. पांढरा रंग देऊन, मग घासून ‘जुना’ देखावा करू नये. लाकूड जुनंच आहे. कोरड्या फडक्यानं पुसून जवसाच्या तेलाचा हलका हात द्यावा. खाली पिठासारखा भुगा पडत असेल तर कीड जिवंत आहे. ती मारल्याशिवाय घरात आणू नये.

वाड्यातली एक वस्तू मात्र अजून कामातून गेलेली नाही, ती झोपाळा. विदर्भात त्यालाच बंगई म्हणतात. हत्ती, पोपट, मोर गुंफलेल्या पितळी कड्या कुठं मिळाल्या तर जरूर घ्याव्यात. स्लॅब ओततानाच हुक सोडून ठेवले तर उत्तम. त्याच्यावर कुणी ना कुणी बसतंच, काही सांगावं लागत नाही.

शिंपल्यांची खिडकी

गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी चपटे, पातळ, अर्धपारदर्शक शिंपले असत. लाकडी पट्ट्यांच्या खाचेत एकेक सरकवलेले. बाहेरचं ऊन आत येताना दुधाळ व्हायचं आणि डोळ्यांना टोचायचं नाही. काच स्वस्त झाली, घरं पडली, खिडक्या भंगारात गेल्या. बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी ‘गोवा चित्र’ हे संग्रहालय उभं केलं. पाडलेल्या घरांतून वाचवलेली लाकडं, दारं, खिडक्या त्याच्या इमारतीतच वापरल्या आहेत आणि आत शेतीची, घरातली हजारो अवजारं आहेत.

अशी झडप मिळाली तर ती भिंतीवर लटकवू नये, मागं भिंत असली की ती आंधळी होते. उजेडाच्या वाटेत उभी करावी. खिडकीत नाहीतर दोन खोल्यांच्या मधे.

न आणायच्या वस्तू

देवाचे टाक. ते कुणाच्या तरी देव्हाऱ्यातले कुलदैवत आहे. गावच्या शिवेवरून उचललेली वीरगळ, सतीशिळा. त्या गावाच्या आहेत. हस्तिदंत, वन्य प्राण्यांची शिंगं, कासवाची पाठ, वाघनखं. वन्यजीव कायद्यानं ती खरेदी-विक्री गुन्हा आहे. या वस्तू बाजारात समोर आल्या तर नुसतं न घेण्यावर थांबू नये. वीरगळ दिसली तर गावकऱ्यांना, पुरातत्त्व खात्याला कळवावं.

नाव

मराठी घरातल्या भांड्यावर नाव असतं. तांब्याच्या गळ्याखाली, ताटाच्या काठाला, पातेल्याच्या पोटावर, टिंबाटिंबांनी कोरलेलं. कुणाला, कुणाकडून, कशासाठी, कधी. चि. सौ. कां. पासून कै. पर्यंत सगळ्या उपाध्या तिथं भेटतात. लग्न, मुंज, बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत, स्मरणार्थ. भांड्याच्या दुकानाबाहेर छिन्नी-हातोडी घेऊन नावं घालणारा बसलेला असायचा, पुढं त्याच्या हाती विजेची सुई आली. मोलकरणीकडून, पंगतीतून, शेजारून भांडं परत यावं म्हणून नाव, हे तर खरंच. पण त्याबरोबर त्या घराची एक नोंदही आपोआप होत गेली. जिच्या नावावर घर-जमीन काही नव्हतं, तिचं नाव हंड्यावर होतं.

जुन्या भांड्याला चकाकी आणायला पॉलिशवाल्याकडे दिलं की चाकावर पहिलं जातं ते नाव. दुकानदारही नाव घासून देतात, गिऱ्हाईकाला दुसऱ्याचं नाव नको असतं म्हणून. हे थांबायला हवं. भांडं हातानं घासावं, मांडताना नावाची बाजू पुढं करावी. ते नाव आपल्या घरातलं नसलं तरी चालेल. ज्या बाईच्या हंड्यातलं पाणी एक घर प्यायलं, ती आपल्या घरात मान देऊन ठेवण्याजोगीच आहे.

चिठ्ठी

शेवटी एक काम आपण करायचं आहे. मांडलेल्या प्रत्येक जुन्या वस्तूखाली किंवा मागं एक चिठ्ठी ठेवावी. ही काय आहे, तिचं काम काय होतं, कुठून आली, कुणाची होती, कशी वापरायची, कशी घासायची. आजी-आजोबा हयात असतील तर त्यांना विचारून लिहावं, त्यांच्याच शब्दांत. विकत घेतली असेल तर विकणाऱ्याला विचारावं. कोणत्या गावाहून आली हे त्याला पुष्कळदा ठाऊक असतं आणि विचारणारं कुणी भेटलं की तो आवडीनं सांगतो.

वस्तू मोडीत जाते ती बहुधा तिचं काम सांगणारं माणूस घरात उरलं नाही की. विसण म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या मुलाला घंगाळ म्हणजे किलोवारी विकायचं तांबं. सजावटीच्या निमित्तानं का होईना, आज या वस्तू हौसेनं घरात येताहेत, आणि आणणारी बहुतेक तरुण माणसं आहेत. हौस आहे तोवरच विचारून घ्यायला हवं, कारण सांगणारे वयानं मोठे आहेत. या रविवारी एक वस्तू घ्यावी, तिच्याबद्दल एका माणसाला विचारावं आणि तारीख घालून लिहून ठेवावं.